डागवाल्याचं काळं फूल

पहाटेपासून आभाळ नुसतं दाटून बसलं होतं. ना बरसत होतं, ना उघडत होतं. लाँड्रीवाल्याच्या वैऱ्यालासुद्धा असली हवा नको. रात्री टांगलेल्या चादरी हाताला गारच लागतात, कोटाच्या अस्तरातला कुबट वास हटत नाही आणि गिऱ्हाईक मात्र वेळेवर दारात हजर. डागवाल्यांनी चरफडत चादरी उतरवल्या, पुन्हा पंख्याखाली पसरल्या, इस्त्री तापत ठेवली आणि ते मागचं दार उघडून झाडापाशी गेले. हा त्यांचा रोजचा नेम. चहासुद्धा त्यानंतर.

बापाने ठेवलेलं नाव आता वीजबिलावर तेवढं उरलंय. सगळा रस्ता त्यांना डागवाले म्हणतो. शाई, गंज, ग्रीस, रक्त, काहीही आणा, माणूस भिंगाखाली धरतो, हुंगतो, हळूच नख लावून बघतो आणि म्हणतो, "परवा या." परवा डाग नसतो. पण या कामाने त्यांच्या डोळ्यांना आणि बोटांना खोडच लागली. समोरचा जीव तोडून बोलत असतो आणि यांची नजर त्याच्या तिसऱ्या बटणाशी. एका लग्नात तर नवरदेवाच्या कोटावरचा ठिपका खरवडायला हात पुढे गेला, तेव्हा बायकोने असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला.

तर झाड. दुकानामागे बोळाएवढं अंगण, दोन्हीकडे उंच भिंती. तिथे ऊन म्हणजे कधीतरी वाट चुकून आलेलं. गुलाब लावला, तो मेला. जास्वंद लावली, ती नुसतीच लांबत गेली. मग बस डेपोत तिकीटखिडकीवर बसणारी मेहुणी कागदात गुंडाळून एक गड्डा घेऊन आली.

"भावोजी, हे सावलीतच येतं. वटवाघळासारखं फूल. काळंभोर. खाली हातभर मिशा लोंबतात."

"काळं? आणि माझ्या घरात?"

"असू दे की! तुम्हाला काढता न येणारं एक तरी काळं इथे असू दे."

जाताजाता तिने बजावलं, की माती ओली हवी पण चिखल नको, आणि काही सडलेलं दिसलं तर तिथल्या तिथे काढा, नाहीतर गड्ड्याला लागेल. पहिल्याच वर्षी डागवाल्यांनी मायेने इतकं पाणी ओतलं की दोन देठ काळे पडून लिबलिबीत झाले. ते काढताना माणूस हबकला. तेव्हापासून रोज सकाळी तपासणी सुरू.

पानं आली, केवढाली! रुंद, चकचकीत, तीही ओल्या फडक्याने पुसलेली. फूल मात्र नाही. मेहुणीच्या जिन्याखालच्या कुंडीत दरवर्षी फूल यायचं आणि त्याचा फोटो यांच्या मोबाइलवर. खाली लिहिलेलं, "तुमचं काय?" ते दोन शब्द वाचले की यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग दोष द्यायला सगळं घर होतंच.

"तू साबणाचं पाणी ओतलंस."

"मी तिकडे फिरकतसुद्धा नाही," बायको म्हणायची.

"मग लक्ष कोण देणार? बॉयलरची वाफ लागते त्याला."

"अहो, वाफ तुमच्या डोक्यातून येतेय. झाड बरं आहे."

तिला हसू यायचं, पण त्यांना खरोखर लागलं होतं. आयुष्य गेलं काढण्यात. डाग निघाला की दाखवायला काय उरतं? काहीच नाही! गिऱ्हाईक शर्ट उलटापालटा करून म्हणतं, "काय होतं इतकं यात?" एकदा तरी काहीतरी यावं, ते बोट दाखवून म्हणता यावं, हे माझ्या हातचं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तिसरं वर्षही सरत आलं होतं.

आदल्या संध्याकाळी मेहुणी मुक्कामाला आली होती. आज सकाळी ती चहाचा कप घेऊन मागच्या दारात टेकली. डागवाले उकिडवे बसलेले, हातात धागे ओढायचा बारीक चिमटा. त्यांनी पानं बाजूला सारली, बुडाशी वाकून पाहिलं आणि खटकन काहीतरी खुडलं.

"भावोजी! काय काढलंत?"

"काही नाही, सडका कोंब. मधूनमधून येतो मेला."

"बघू."

त्यांनी तळहात उघडला. काळसर, मिटलेलं, ओलसर काहीतरी. मेहुणीने कप खाली ठेवला आणि नखाने ते अलगद उलगडलं. आत घडी घातलेल्या दोऱ्यांसारख्या मिशा.

"अहो, ही कळी आहे!"

"कळी हिरवी असते," डागवाले म्हणाले. "मग रंग धरते."

"ही पहिल्यापासून काळीच असते. अशा किती खुडल्यात?"

बायको बाहेर आली, हसायला तोंड उघडलं आणि नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते मिटलं.

"दुसरी आहे का बघ गं," शेवटी ते मेहुणीला म्हणाले. स्वतः वाकले नाहीत.

तिने पानांत हात घालून सगळीकडे चाचपलं. "यंदा आता दिसत नाही. गड्डा मात्र धडधाकट आहे. पुढच्या खेपेला येईल, तुमच्या तावडीतून सुटलं तर."

"सडकं काढता काढता वाट लावली मी," ते पुटपुटले, आणि एकदम बायकोवर खेकसले, "उद्यापासून याचं सगळं तू करायचंस."

"मी? मला कुठे कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच! तुला कोपऱ्यातलं जळमट महिनाभर दिसत नाही. तूच पाहिजेस. मी या दाराबाहेर आलो तर मला हाकल."

"तुमचं झाड ना ते?"

"आहे माझंच," ते म्हणाले, आणि चिमटा खिशात घालता घालता परत काढून तिच्या हातात दिला. मग लगेच काढून घेतला. "नको. तुला चिमटासुद्धा नको."

कळी त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घालून इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला ठेवली. ती तरंगत राहिली, बुडाली नाही. समोर कुणीतरी काउंटरवर टकटक करत होतं. पांढरा शर्ट, खिशाखाली शाईचा ओघळ.

"निघेल ना?"

"निघेल," डागवाले वैतागून म्हणाले, आणि शर्ट भिंगाखाली ओढून त्यांनी डागाच्या कडेला नख लावलं.