भाकरीच्या व्हिडिओतला आवाज

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, शाळेतल्या सहकाऱ्यांपाशी तर नाहीच. माझ्या मुलीला यातले अर्धे माहीत आहे — पण ते अर्धे निरुपद्रवी आहे. उरलेले अर्धे माझ्याकडे आहे. मी यादी करून काम करणारी बाई. डबा भरायच्या आधी दिवसाची कामे लिहून काढते आणि रात्री झोपताना काही शिल्लक राहिले तर मला चैन पडत नाही. तरी हे इतकी वर्षे राहिले. कसे राहू दिले?

आधी थोडे शाळेबद्दल सांगते. अहमदपूरहून रोज स्कूटीने जाते त्या गावात आमची दोन खोल्यांची प्राथमिक शाळा. गावाने वर्गणी काढून टीव्ही दिला, तेव्हा मी ठरवले की मुलांनी नुसते बघायचे नाही, स्वतः व्हिडिओ करायचे. पाटीवर ज्वारीचे दाणे थोडे थोडे सरकवत फोटो काढायचे, ते एकापुढे एक जोडायचे — दाणे आपल्या पायांनी जात्यात जाऊन बसतात. तिसरी-चौथीची पोरे हे बघून वेडी झाली होती. मलाही आनंद होत होता, हे खोटे नाही. कामे मी नीट वाटून दिली होती. फोटो कुणी काढायचे, प्रश्न कुणी विचारायचे, आवाज कुणाचा.

आवाज गंगासागरचा. चौथीतली मुलगी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. विषय होता, शेतातली ज्वारी ताटातली भाकरी कशी होते. तिच्याच घरी, तिच्या आईच्या चुलीपुढे आम्ही चित्रण केले. गंगासागर चुलीजवळ बसून सांगत होती, "हे बगा, पीट लई मळावं लागतंय. कट्टाळा केला की भाकर चिरती. अन् भाकर चिरली की आजी आईला बोलती." तिची आई तोंडाला पदर लावून हसली. भाकरी थापायची राहिली. आम्ही सगळेच हसलो.

मग तालुक्याची शाळांसाठीची व्हिडिओ स्पर्धा आली. घरी कानाला हेडफोन लावून मी ते पुन्हा ऐकले आणि — कसे सांगू — मला लाज वाटली. पीट. लई. चिरती. परीक्षक म्हणतील, बाई चौथीपर्यंत काय शिकवतात? असा नियम कुठे होता का? नव्हता. सूचना मी दोनदा वाचल्या होत्या. भाषेबद्दल त्यात एक ओळही नव्हती. तो नियम माझ्या मनातला होता. मी स्वतः अशाच घरातली आहे, असेच बोलत मोठी झाले, आणि डी.एड.ला गेल्यावर ते बोलणे घासून काढले.

माझी मुलगी लातूरला शिकत होती, सुट्टीला आली होती. तिला मी कागद दिला. "पीठ नीट मळले नाही तर भाकरीला चिरा पडतात." ती म्हणाली, "आई, त्या पोरीचं किती भारी आहे गं. आजीचं का काढलंस?" मी म्हटले, तू वाच. तिने वाचले. छान, स्वच्छ वाचले. पण गंगासागरचे ओठ जुळेनात. मग जिथे जिथे तिचा चेहरा होता तिथे मी तव्याचा, परातीचा, ज्वारीच्या कणसांचा फोटो टाकला. व्हिडिओत तिचे फक्त हात उरले.

आमचा पहिला नंबर आला. शाळेत टीव्हीवर दाखवला तेव्हा पोरे एकमेकांकडे बघायला लागली. गंगासागरने विचारले, "मॅडम, ह्यो माजा आवाज हाय?" वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटले, हो, तुझाच. मोबाईलमधून तो स्वच्छ होऊन येतो.

तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? ज्वारीचे दाणे चालवून दाखवणारी बाई मी.

तिचे वडील हैदराबादला बांधकामावर होते. आईने तो व्हिडिओ त्यांना पाठवला. दोन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत शाळेत आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, तिचे बाबा म्हणायलेत, ही आपली पोरगी न्हाई. दुसरीच कोण तर हाय." मी तिलाही मोबाईलचेच कारण सांगितले. ती म्हणाली, "तुमी म्हणताव तर असंल. पर पयलं हाय का, ती बोलली ते? तेवढं पाठवा की. ते लई दिसांपासून घरी आले न्हाईत."

ते होते. माझ्या हातातल्याच फोनमध्ये होते. एक बोट लावायचा अवकाश. पण ते पाठवले असते तर दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकले गेले असते, हैदराबादेत आणि गावातही. मी म्हटले, "नाही हो ताई, उडालं ते." ती "बरं मॅडम" म्हणून गेली. मला नमस्कारही करून गेली.

आणि तिची पाठ वळल्यावर, शाळेची घंटा व्हायच्या आत, मी ते खरोखर उडवले. म्हणजे आता मी खोटे बोलले नव्हते. हे मला तेव्हा खरेच असे वाटले. माझ्या मुलीला जे माहीत नाही ते हे.

नवा व्हिडिओ करताना मी आवाजासाठी पुन्हा गंगासागरचेच नाव घेतले. ती उठली नाही. म्हणाली, "न्हाई मॅडम, माजा मोबाईलमधलाच चांगलाय." मग वाचनाच्या तासालाही ती ओठ हलवायची, आवाज बाहेर यायचा नाही. शेजारची पोर कोपराने ढोसायची, "बोल की गं, आता काय झालं?" मला माहीत होते काय झाले. मी पुढच्या मुलाला उभे करायचे. तास वाया जात नसे.

तो व्हिडिओ मी आजही शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवते. नवे शिक्षक विचारतात, खेड्यातल्या मुलीकडून इतके शुद्ध कसे बोलवून घेतलेत? मी सराव म्हणून सांगते.

चौथीच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. गंगासागर टेबलापुढे उभी राहिली, खाली बघत. मी कविता विचारली, तिने ओठ हलवले. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुढचे नाव पुकारले.