अर्धा कोयता

बेसबॉलची बॅट घेऊन मी पहिल्यांदा गावातून चालत गेले, तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय गं, कुणाच्या लग्नाला मुसळ चाललं?" मी म्हणाले, "तुमच्या." मी घरी पोचायच्या आधी ही बातमी पोचली होती आणि मायनं माझी चांगली खरडपट्टी काढली. माझ्या तोंडाला लगाम नाही असं सगळ्यांचं मत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

आमच्या कॉलेजात हा खेळ आणला तो खेळाच्या सरांनी. ते स्वतः विद्यापीठाकडून खेळलेले, पण माणूस हिशेबी. कबड्डी-खोखोचे संघ गावोगाव. त्या गर्दीत आमच्या पोरींचा नंबर कधी लागायचा? बेसबॉल खेळणारे मात्र थोडे. राज्याच्या संघात निवड झाली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागा. सर हे इतकं उघड बोलायचे की खेळात गोडी असते हे आम्हाला खेळता खेळताच कळलं. अकरावीत मी संघातली सगळ्यात चांगली मारणारी होते. यात फुशारकी नाही. बाकीच्या निम्म्या पोरी चेंडू आला की डोळे मिटायच्या.

त्या दिवाळीनंतर मी ऊसतोडीला गेले.

आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम टोळी बांधताना माणसं किती असं विचारत नाही, कोयते किती असं विचारतो. आण्णा आणि माय मिळून आमच्या घरचा एक कोयता. भाऊ हाताशी आला होता, पण त्याचं लग्न जमत नव्हतं, म्हणून तो अर्धा. अर्ध्याला जोड लागते. एकट्यानं तोडायचं किती, मोळ्या बांधायच्या किती आणि गाडी भरायची किती? ती जोड म्हणून मी गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आले आणि अकरावी कशीबशी पदरात पाडून घेतली.

बारावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा माझे दंड असे भरले होते की सर बघूनच खूश झाले. पहिल्या सरावाला मी जीव खाऊन बॅट फिरवली आणि चेंडू माझ्याच पायापुढं आपटला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे जमिनीत.

जमिनीत म्हणजे खरोखरच जमिनीत. दुष्काळाचं साल होतं. पावसाळा कोरडाच चालला होता आणि कॉलेजच्या मैदानावर सोसायटीनं जनावरांची चारा छावणी उघडली होती. आम्ही सराव करायचो तो गावच्या आटलेल्या तलावात. तळाच्या काळ्या मातीला कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा. माझा चेंडू दोन टप्पे घ्यायचा आणि भेगेत जायचा. मग सगळ्या पोरी खेळ सोडून भेगेत काठ्या घालत बसायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, "आली बघा, उंदरं मारणारी." मी त्यांच्या अंगावर धावून जायचे. पण बॅट हातात घेतली की पुन्हा तेच.

सरांनी नाना उपाय केले. पाय बदलले, कोपर वर करायला लावलं, हलकी बॅट दिली. "बॅट सपाट आण, सपाट," असं ते ओरडायचे. मला ती सपाटच वाटायची. रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा माझे हात वळवळायचे, आणि मला माझ्याच हातांचा राग यायचा.

अशात पोळ्याच्या सुमारास मुकादम घरी आला. आमच्या भागातला कारखाना यंदा पेटणार नव्हता, म्हणून तो लवकरच खालच्या मुलखातल्या कारखान्यासाठी टोळी बांधत होता.

"किती कोयते?" त्यानं विचारलं.

"एक आन् अर्धा," आण्णा म्हणाले.

"अर्धं न्हाई चालायचं यंदा. पोरगी हाय की तुमची."

"मी न्हाई येणार!" मी आतून ओरडले. "माझी बारावी हाय."

मुकादम हसला. "लई तिखट हाय बरं का पोरगी. उसात आसलीच लागती."

मी बाहेर जाणार होते, पण धाकट्या बहिणीनं माझा हात धरला. ती दहावीत होती. चुलीवर चहा उकळत होता, तो तिनं गाळला आणि बाहेर नेऊन दिला. मुकादम गेल्यावर आण्णा मला म्हणाले, "राज्याला निवड झाली तुझी, तर शीक. न्हाई झाली, तर भावासंगं चल. दोन कोयते सांगितलेत मी त्याला." आण्णा कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यामुळं त्यांच्याशी भांडताच यायचं नाही.

निवड व्हायची होती बीडला, विभागाच्या सामन्यात, दसऱ्याच्या आधी. आणि मी तर चेंडू भेगांना चारत होते. मला भीती वाटत होती. उसाची नाही, उसात मी राहून आले होते. मला भीती वाटत होती ती एकदा गेले की दरसाल जावं लागण्याची.

आमचे दोन बैल छावणीवर होते, आणि संध्याकाळी त्यांच्यापुढं चारा टाकायचं काम आम्हा बहिणींचं. चारा म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातून ट्रकनं आणलेला ऊस, वाढ्यासकट, म्हणजे हिरव्या शेंड्यासकट. तो कोयत्यानं तोडून घालायचा. काम उरकलं की बहीण मला बैलांनी टाकलेली चिपाडं फेकायची आणि मी छावणीच्या मागं उभी राहून ती बॅटनं मारायचे. चेंडू घरी न्यायला सर देत नव्हते. छावणीचा कारकून आला की ओरडायचा, "चारा हाय त्यो पोरींनो, खेळणं न्हाई!"

एका संध्याकाळी मी बॅट आपटून खाली बसले. बहीण उरलेला ऊस तोडत होती. तिनं एक ऊस डाव्या हातात उभा धरला, कोयत्यानं त्याचं हिरवं वाढं उडवलं आणि तशीच थांबली. मग दुसरा घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, तू बुडखा तोडतीस."

"काय?"

"चेंडूचा बुडखा तोडतीस तू. वाढं तोड की."

ऊस तोडताना कोयत्याचे दोन वार असतात. पहिला बुडख्यावर: वाकायचं आणि जमिनीलगत वरून खाली घाव घालायचा. दुसरा वाढ्यावर: ऊस हातात उभा धरून शेंडा उडवायचा. हा वार आडवा जातो, छातीच्या उंचीवरून. मी सगळा हंगाम भावाच्या पुढं वाकून बुडखेच तोडत होते. वाढी उडवायचं काम त्याचं होतं. हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि तिच्या आलं, याचा मला संताप आला.

"तुला काय कळतंय बेसबॉलमधलं?" मी म्हणाले.

"बेसबॉलातलं न्हाई कळत. कोयत्यातलं कळतंय."

मी उठले. तिनं चिपाड फेकलं. मी मनात वाढं धरलं आणि आडवा वार केला. साफ चुकला. पुढचाही चुकला. कितीतरी चुकल्यावर एक चिपाड बॅटवर बसलं, आणि ते छावणीच्या पत्र्यावर जाऊन असं वाजलं की सगळी म्हसरं उभी राहिली. कारकून धावत आला आणि आम्ही दोघी हसत पळालो.

त्यानंतर ती रोज फेकत राहिली. कधी वर, कधी खाली, कधी अंगावर. अंधार पडला की चिपाडाला पांढरी चिंधी बांधून फेकायची, म्हणजे मला दिसावं. मी कंटाळले तर म्हणायची, "आजून धा." दहावीचा अभ्यास तिचा तसाच पडायचा. मी एकदा म्हणाले, "पुस्तकं उघड जरा," तर म्हणाली, "तू आधी निवडून ये."

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि तलावात उभं राहून "वाढं! वाढं!" असं ओरडायला लागले. सरावात माझे चेंडू भेगांवरून पार जाऊ लागले. पण खोट होतीच. निवांत असले की वाढं, आणि जरा मन घाबरलं की हात आपोआप बुडख्याकडं वळायचे. आणि बीडच्या सामन्यात मन घाबरणार नाही असं मला कुणी वचन देणार होतं का?

बीडला समोर शहरातला संघ होता. सगळ्यांच्या पायांत एकसारखे बूट. त्यांची चेंडू टाकणारी पोरगी उंच, आणि चेंडू असा यायचा की दिसायच्या आधी मागच्या हातमोज्यात वाजायचा. पहिल्या खेपेला मी तो आपटला, दोन टप्पे, आणि बेसच्या अर्ध्या वाटेतच बाद. दुसऱ्या खेपेला बॅटला चेंडू लागलाच नाही. निवड करणारे तिघं मांडवात बसले होते, त्यातल्या एकानं माझी पाळी संपली तसा चहा मागवला. मला तो चहा अजून आठवतो आणि अजून राग येतो.

तिसऱ्या वेळी दोन मुली बेसवर होत्या, आम्ही एका धावेनं मागं होतो, आणि माझी पाळी होती. मी उठले तर सरांनी दुसऱ्या मुलीला तयार केलेलं. तिनं हेल्मेटसुद्धा घातलं होतं. मी जाऊन तिच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं.

"बस खाली," सर म्हणाले.

"सर, एकदा."

"दोनदा झालंय तुझं."

"म्हणूनच म्हणते, एकदा."

पंचांनी हाक मारली. सरांनी हात झटकला आणि मी निघाले. ती मुलगी रडायला लागली होती, पण मागं वळून बघायची माझी छाती नव्हती.

पहिला चेंडू मी सोडला, स्ट्राइक. असे तीन झाले की बाद. दुसऱ्यावर हात खाली गेले आणि तो माझ्या बुटावर आपटून बाहेर गेला. पुन्हा बुडखा. अजून एक चुकला की संपलं. मग ट्रक, पाचटाची कोपी, पहाटेचा गारठा, आणि पुढच्या साली पुन्हा तेच. माझे हात माझे राहिले नव्हते. तेवढ्यात रेषेबाहेरून सर ओरडले, "वाढं!"

पंचांनी चमकून बघितलं. समोरच्या पोरी हसल्या. ती उंच पोरगीही हसली, आणि हसत हसतच तिनं चेंडू टाकला. मी डाव्या हातात ऊस उभा धरला.

चेंडू बॅटवर बसला तेव्हा हाताला काहीच जाणवलं नाही, म्हणून मला वाटलं चुकला. मग आमच्या पोरींचा आरडाओरडा ऐकू आला. चेंडू आडवा, डोक्यांवरून, समोरच्या दोन पोरींच्या मधून जाऊन कुंपणाला लागला होता. बेसवरच्या दोन्ही मुली फेरी पुरी करून आल्या आणि आम्ही एका धावेनं पुढं गेलो. मी दुसऱ्या बेसवर उभी राहून रडत होते आणि मांडवातल्या त्या चहा मागवणाऱ्याला शिव्याही देत होते. पुढच्या दोन्ही सामन्यांत मी वाढंच तोडलं. शेवटी नावं वाचली, तेव्हा माझं नाव बरंच खाली आलं, पण आलं.

एस.टी.नं केज, तिथून जीपनं गाव. दिवस मावळायच्या आत मी छावणीवर पोचले. घरचे सगळे तिथंच होते. मी धापा टाकत सांगितलं. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. भाऊ लाजून हसला. बहिणीनं तर मला उचललंच, आणि आम्ही दोघी चाऱ्यात पडलो. मग ती कपडे झटकत उठली आणि आण्णांना म्हणाली, "म्हंजी भाऊसंगं मी चलायचं ना? शाळंत सांगावं लागंल मग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"ही कावून?" मी ओरडले. "आण्णा, ही का म्हणून जाईल?"

आण्णा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. "दोन कोयते सांगितलेत," एवढंच ते म्हणाले.

"मग मीच जाते. हिची दहावी हाय."

माझी बहीण कधी चिडायची नाही. त्या दिवशी चिडली. "तू जाणार व्हतीस, तर मी येवढे दिस कशाला फेकत व्हते? मला काय दुसरा उद्योग न्हवता?"

"तुला ठाऊक व्हतं?"

"न्हाई ठाऊक आसाया काय झालं? दोन कोयते म्हणले तवा मी तिथंच व्हते की."

मी भांडले. आण्णांशी, मायशी, तिच्याशी. दोन दिवस जेवले नाही. सरांना घरी आणलं, त्यांनीही सांगून बघितलं. काही उपयोग झाला नाही, कारण ती स्वतःच ऐकेना. दसऱ्यानंतर टोळी निघाली आणि भावाचा कोयता पुरा झाला. मी राज्याला खेळले. आज अंगावर जी वर्दी आहे ती त्या प्रमाणपत्राची. तिनं दहावी पुढं दोन सालांनी दिली.

मला हरवून स्वतः शाळेत राहायला तिला काहीच करावं लागलं नसतं. त्या संध्याकाळी ऊस तोडता तोडता ती नुसती गप्प बसली असती, तरी भागलं असतं.