सरदारजींच्या दुकानाची पायरी

साकोलीला हायवेलगत एक सरदारजी ट्रॅक्टरच्या सीटा शिवतात. दुकानभर रेक्झिन पसरलेलं असतं, म्हणून चपला पायरीवर काढाव्या लागतात. धानाच्या बांधीतून चिखलात माखून आलेल्या माझ्या चपला निघताना मात्र दर वेळी पुसून, तोंड रस्त्याकडे करून ठेवलेल्या असतात.

एकदा मी अवघडून विचारलं, “सरदारजी, तुमी कायले हात लावता?”

“आमचे पुरखे गुरूंच्या दरबारात संगतचे, म्हणजे दर्शनाला आलेल्या भाविकांचे, जोडे पुसत. तेच घरचं काम. दरबार इथून दूर आहे, पण पाय तर रोज येऊनच राहिले ना.”

काल ते मशीनवर वाकलेले पाहून मी गुपचूप त्यांचे जोडे माझ्या दुपट्ट्यानं पुसले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलंच.

“चला,” ते दाढीत हसले, “आता तुमचंबी घराणं सुरू झालं.”