डायलिसिसच्या खुर्चीत रक्तपिपासू

मी ज्यांना ज्यांना ही रक्तपिपाशांची कादंबरीमालिका वाचायला सांगितली, त्यांतले बरेचजण अजून माझ्याशी बोलतात. हे मी यशच मानते. कोरगावच्या मावसबहिणीने पहिला भाग काजूच्या पिशवीत घालून परत पाठवला. आमच्या घरात गणपती बसतो, असली पुस्तकं ठेवत नाही, म्हणाली. शाळेच्या स्टाफरूममधल्या एका बाईंनी मात्र आनंदाने ठेवून घेतला. पुढे कळलं, वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला तो लावलाय. जाडजूड आहे, टिकतो छान.

खरं तर गोष्ट झकास आहे. खाडीकाठचं एक शहर, त्याच्या वेशीवर शेकडो वर्षं जगलेला एक रक्तपिपासू, आणि त्याला मारायला निघालेले एकापेक्षा एक मूर्ख सरदार. मी इंग्रजीतून वाचते आणि मराठीतून ज्याच्या त्याच्या डोक्यावर ओतते. ऐकून घेणारा कोणी मिळत नव्हता, एवढंच.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. आयुष्यभर सुर्ल्याच्या खाणीवर टिपर ट्रक चालवलेला माणूस, ज्याने डॉक्टरचं तोंड फक्त दुसऱ्यांच्या आजारात पाहिलं, त्याला आठवड्यातून तीनदा डिचोलीच्या हॉस्पिटलात मशीनला बांधून बसायची पाळी आली. सकाळची शाळा आटपून मी दुपारी त्यांना घेऊन जायची. शहाळं बंद, केळी बंद, पाणीसुद्धा मोजूनमापून. पावसाळा संपेपर्यंत त्यांनी कसंबसं सोसलं. मग एक दिवस हॉस्पिटलच्या दारात गाडीतून उतरलेच नाहीत.

"पुरे झाला आता, बाय. माका परत हयसर हाडू नको."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की हे थांबलं तर फार दिवस नाहीत. घरी आई रडली, काका ओरडले, मी देवाची शपथ घातली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझ्याकडे आता सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, रक्तपिपासू सोडून.

म्हणून मी तोच सांगितला. खाटेशेजारी बसून पहिला भाग सुरू केला आणि वेशीवरचं दार करकरलं तिथे थांबले.

"मगे?" भिंतीकडून आवाज आला.

"पुढचं मशीनवर बसलात की."

मला भरपूर शिव्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. त्यानंतर गोष्ट फक्त खुर्चीत, बाबांच्या भाषेत कदेलीर. तंत्रज्ञ सुया टोचायचा आणि मी लगेच सुरू व्हायची. बाबांचे प्रश्न मात्र कुठल्याच समीक्षकाला सुचले नसते.

"बोलवल्याशिवाय तो कोणाच्या घरात येणा नाय? मगे तुझ्या मामापेक्षा बरो."

आणि मशीनकडे बोट करून, "ह्या माझा रगत घेता, धुता आणि परत देता. तुझो तो परत देता?"

तिसऱ्या भागात पंचाईत झाली. बाबांनी रक्तपिपाशाची बाजू घेतली. गावाच्या शिमेवर राहतो, काळोखात फिरतो, परक्याला आत येऊ देत नाही, म्हणजे हा आपला गाव राखणारा देवचारच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

"गावकारांचीच चूक," ते म्हणाले. "वर्साक एकदा रोट, घोटभर सोरो नि एक विडी ठेवली असती तर तेना कोणाची मान कित्याक धरली असती?"

मी सांगून थकले, की बाबा, तो खलनायक आहे, त्याने आख्खं चर्च साफ केलंय. ऐकतो कोण! बाजूच्या खुर्चीतल्या हळर्णच्या म्हाताऱ्या काकींनीही मान हलवली. मान मिळाला नाही की बिथरतात ते, म्हणाल्या. इतक्या मेहनतीने लिहिलेला राक्षस या लोकांनी विडीवर मिटवला. मला खरंच राग आला होता.

आणि एका दुपारी चौथा भाग संपला. रक्तपिपासू भर बाजारात साखळदंडात, सूर्य उगवायला थोडा अवकाश, आणि पुढे कोरं पान.

"पाचवो सुरू कर."

"पाचवा आला नाही अजून. ती बाई लिहितेय. पुढच्या वर्षी येईल, नाहीतर त्याच्या पुढच्या."

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. माझ्याकडचं आमिष संपलं होतं, आणि आता हा माणूस पुन्हा 'पुरे' म्हणणार, हे मला दिसत होतं. दुसरी कुठली मालिका सांगावी म्हणून मी घाईघाईने मोबाईल उघडला.

तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला. एक हात नळ्यांना जोडलेला, म्हणून मोकळा हात छातीशी धरला आणि इंजिनाच्या घरघरीवरून ऐकू जाणाऱ्या आपल्या जुन्या आवाजात, देवळात घालतात तसं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

काकींनी डोळे न उघडताच साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

"सातासमुद्रापलीकडे एक बाई पुस्तक लिवता. तिच्या हाताक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पलीकडच्या खुर्च्याही.

"तिका ताप नको, खोकलो नको, तिचो कंप्युटर बंद पडाक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तंत्रज्ञ हसत होता, पण ओरडला तोही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आणि ता पुस्तक येयपर्यंत माका ह्या कदेलीर बसव रे म्हाराजा!"

मला इतकं रडू येत होतं, की "व्हय" म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या मागून आला.