तळहातावरचा पॉवर सप्लाय

प्लास्टिक जळाल्याचा वास आला की मला राजापेठेतलं कॉम्प्युटरचं एक दुकान आठवतं आणि तिथं अक्कल पाजळणारा मी. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षाला होतो, पण व्हिडिओ पाहून पाहून सर्वज्ञ झालो होतो. समोर दोन गेमिंग डेस्कटॉप होते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम सगळं तेच, तरी एक बारा हजारांनी महाग. कापूस विकून तेल्हाऱ्याहून पैसे घेऊन आलेल्या बाबांनी विचारलं, "सामान तेच हाये, तं हा महाग काहून?" दुकानदार म्हणाला, "काका, याचा पॉवर सप्लाय चांगला हाये, त्याचा साधा." "मंग दोन्ही काढून दाखव." कापसाचा व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस काढून पाहतो, बाबांना तीच सवय. त्यांनी वीज पुरवणारे ते दोन लोखंडी डबे दोन तळहातांवर तोलले. "हा साधा लय हलका लागून राह्यला, आत माल कमी दिसते." मी फस्सकन हसलो. "बाबा, कॉम्प्युटर काय किलोवर घेतात? यादी सेम हाये." बाबांनी पैसे मोजून दिले आणि मी रंगीत दिव्यांचा तो स्वस्त खोका मिरवत खोलीवर आणला. मे महिन्यात त्याचा सप्लाय फटकन जळाला आणि ग्राफिक्स कार्डही घेऊन गेला. खोलीवर आलेल्या बाबांनी जळका डबा फक्त माझ्या तळहातावर ठेवला. आता कुणासाठीही कॉम्प्युटर घ्यायला गेलो की मी आधी सप्लाय हातात मागतो, आणि शेजारी उभा असलेला एखादा दीडशहाणा फस्सकन हसतो. हसू दे गाढवाला, ते हसणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.