फळ्यावर लिहिलेलं खोटं

दोन हजार सहा साल. मी सत्त्याहत्तरचा, तो माझ्याच गावचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कुणी "कसं काय?" विचारलं की तो दोन्ही तळहात उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "फुकट गेलं." पाणी गेलं, लाइट गेली म्हणावं तसं.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बाकांवर पुष्कळ म्हातारे बसतात. बाकीचे गुडघ्यांबद्दल बोलतात, सुनांबद्दल बोलतात. हा सगळ्या आयुष्याचाच निकाल लावायचा, आणि माझं डोकं फिरायचं. कारण त्याला गावाहून आणला मी.

गावात तो शिमग्याच्या खेळ्यांत मृदंग वाजवायचा. चार वाड्यांतून बोलावणं यायचं. मी म्हटलं, "मृदंगाने पोट भरतं काय रे? चल." आधी कुर्ल्याला, मग कारखान्याची शेड हलली तशी हाटकेशला, पत्र्यातून स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकून काढायचं काम. समोरासमोर दोन प्रेस, एकावर मी, एकावर तो. प्रेसमधल्या साच्याच्या नुसत्या आवाजावरून सांगायचा, "दादा, तुझी डाय झिजलीय." मालकाला ते आठ दिवसांनी कळायचं. असा कान.

पण मशीनच्या दणक्याने त्याची बोटं बधिर झाली. एका शिमग्याला मृदंग मांडीवर घेतला, दोन थापा मारल्या आणि खाली ठेवला. "पोरांनो, दुसरा बघा." मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर दोन शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पंचाहत्तरी झाली की शाल-नारळ देतात आणि मनोगत बोलायला लावतात. सगळे एकच बोलतात, मी समाधानी आहे. हा उभा राहिला, तळहात दाखवले आणि माइकवर म्हणाला, "मला वाजवायचं होतं. झाकणं काढली. फुकट गेलं."

"गंमत करतायत," अध्यक्ष हसले.

मी उठलो. "तुझी पोरं शिकली ती काय मृदंगावर? चाळीतून फ्लॅटमध्ये आलास, ते फुकट?"

"ते पोरांचं झालं, दादा. मी माझं बोलतोय."

"मग माझंही फुकट गेलं म्हण. सांग सगळ्यांना."

"तुझं तू सांग. तुला कुणी अडवलंय?"

मी पेढा न घेता घरी आलो आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. चार महिने तो एका बाकावर, मी दुसऱ्या. मी मोठा, मीच आधी का बोलायचं? आणि एके दिवशी सकाळचा चहा पिता पिता तो गेला.

संध्याकाळी, सगळं उरकून आल्यावर, गेटजवळच्या संघाच्या फळ्यावर अध्यक्षांनी त्याचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, "समाधानी व कृतार्थ जीवन." मी चौथीपर्यंतचा, अक्षर अक्षर लावत वाचतो. कृतार्थपाशी अडलो. बाजूच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, म्हणजे जे हवं होतं ते सगळं मिळालं."

डोक्यात तिडीक गेली. माणूस भर सभेत, माइकवर, स्वतःच्या तोंडाने सांगून गेला, आणि ही माणसं मेल्यावर त्याला खोटा पाडतायत. अध्यक्षांना म्हटलं, "पुसा ते."

"अहो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं. आणि तुम्हीच ना त्याच्याशी भांडला होता?"

"भांडलो. तो खोटं बोलत होता म्हणून नाही."

एवढं तोंडातून गेलं. अध्यक्ष निघून गेले. फळा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, सगळी मंडळी फेऱ्या मारत असताना, मी घरून ओलं फडकं घेऊन गेलो. समाधानी पुसलं. कृतार्थ पुसलं, काना-रफार काही ठेवला नाही. फक्त त्याचं नाव राहू दिलं. आणि फडकं हातात धरून फळ्यासमोर उभा राहिलो, परत लिहायला कोण येतंय ते बघत.