वादी, संवादी आणि मेहुणा

नाशकात शास्त्रीय संगीताला घाबरणारी जी काही माणसं अजून उरली असतील, ती केवळ माझ्या थोरल्या साडूंशी गाठ न पडल्यामुळे उरली आहेत. साडू मूळचे देवळ्याचे. उमेदीची वर्षं त्यांनी विंचूरला कांद्याच्या व्यापारात घालवली आणि आता ते गंगापूर रोडला राहतात. त्यांना स्वतःला एक सूर धड लावता येत नाही. त्यांच्या मते हे चांगलंच आहे, कारण गाणारा माणूस गाणं समजावत बसत नाही.

मला त्यांनी पहिला धडा दिला तो सासरी, दिवाळीच्या पंगतीत. "राग म्हणजे काय साडूबुवा, तर सासरवाडी. कुणाला किती मान, हे आधीच ठरलेलं. वादी स्वर म्हणजे थोरला जावई, सगळं त्याच्याभोवती फिरतं. संवादी म्हणजे धाकटा, त्याला साथ देणारा. म्हणजे तुम्ही."

"आणि विवादी?" मी विचारलं.

"तो घ्यायचाच नसतो. रागाचा विचका होतो," असं म्हणून त्यांनी आमटी वाढणाऱ्या मेहुण्याकडे पाहिलं.

मेहुणा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घुश्शातच विचारलं, "विवादी अगदी कधीच चालत नाही का?"

"मुरलेला गवई एखाद्या वेळी लावतो," साडू म्हणाले. "तेव्हा लई रंगत येते."

मेहुणा खुलला, आणि पुढच्या रविवारी साडूंनी आम्हा दोघांना गाण्याच्या एका बैठकीला नेलं; मला आपल्या शेजारी बसवलं आणि मेहुण्याला कडेला. गायकाने डोळे मिटून संथ आलापी सुरू केली. साडूंची कुजबुजही सुरू झाली, मात्र कांद्याच्या लिलावात घडलेल्या आवाजाची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. "आता वरच्या सा-पाशी जाईल, पण शिवणार नाही. बघा, आला माघारी. भाव वाढवतोय." समेवर त्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की तबलजीने चमकून पाहिलं. चौथ्या आवर्तनाला मला सम आधीच कळू लागली, कारण मी मांडी वेळेवर बाजूला घेत होतो. अखेर गायक थांबले. "आपलं झालं की मी गातो," ते म्हणाले.

"तुम्ही चालू द्या," साडू नम्रपणे म्हणाले, "मी यांना भाषांतर करून सांगतोय."

सगळ्यात आधी गायकच हसले, आणि मग असे गायले की साडूसुद्धा गप्प बसले.

गेल्या वर्षापासून साडूंना ऐकू येईनासं झालं. कानाचं यंत्र लावलं, तर तानपुरा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो म्हणाले. यंत्र डबीत गेलं, बैठका सुटल्या. परवा मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते बैठकीच्या खोलीत घरी येणाऱ्या गवयांसाठी ठेवलेला जुना तानपुरा घेऊन बसले होते. त्यांनी मला खुणेने तारा छेडायला सांगितलं आणि भोपळ्यावर गाल टेकवला. मी छेडत राहिलो. मला सगळं ठीकच वाटत होतं.

थोड्या वेळाने डोळे न उघडता ते म्हणाले, "पंचम जरा उतरलाय, साडूबुवा."

मी खुंटी किंचित पिळली. त्यांनी गाल तसाच ठेवला आणि हलकेच मान डोलावली.